चेरी ‘थोडक्यात हुकली’ म्हणजे काय?

स्लॉट म्हणजे पैसे लावून चाकं फिरवायची आणि ओळीत सारखी चित्रं जुळली तर बक्षीस, असा जुगाराचा खेळ. त्याबद्दल बरेच जण म्हणतात की बराच वेळ रिकामा गेला की चेरीची ओळ लागायला आलेली असते, आणि स्टॉपचं बटण वेळेवर दाबलं तर ती पकडता येते. कळकळीने सांगतो, दोन्ही समज सोडा. नेहमीच्या फळांच्या ऑनलाइन स्लॉटमध्ये स्पिनचं (चाक फिरवायचं) बटण दाबताच यादृच्छिक आकडे निघतात आणि निकाल ठरतो. पुढे फिरणारी लिंबं, कलिंगडं हे त्या निकालाचं नुसतं चित्र. मागच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नसतो. (फळं आली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकी यंत्रांमधून. त्यातली काही बक्षीस म्हणून फळांच्या चवीचं च्युइंगगम देत.)

खरी गोम ‘थोडक्यात हुकलं’मध्ये आहे. तीन चाकं, प्रत्येकावर २० चित्रं, तर चित्रांच्या शक्य मांडण्या ८,०००. इंगे टेलनेस यांच्या १९८४ च्या अमेरिकी पेटंटने दिसणारं चाक आणि खरी शक्यता यांची फारकत केली. चाक तेवढंच दिसतं, पण आत, न दिसणारी ६४ घरं (थांबायच्या जागा) धरून जॅकपॉटला प्रत्येक चाकावर एकच घर दिलं, तर शक्यता २,६२,१४४ मध्ये एक! शेजारच्या जागांना जास्त घरं दिली की जॅकपॉटचं चिन्ह ओळीच्या जरा वर किंवा खाली वारंवार दिसतं. माणूस त्यालाच भुलतो.

आणि ‘९५ टक्के परतावा’, म्हणजे लावलेल्या शंभरातले ९५ परत, ही लाखो फेऱ्यांची सरासरी. १० रुपयांच्या ६०० फेऱ्या म्हणजे ६,००० रुपये लावले, सरासरी ३०० गेले. एका बैठकीत सगळेही जाऊ शकतात.