'युबिक्विटिनेशन'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरकर्ती: उपजत प्रतिकारशक्तीवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात युबिक्विटिनेशन दर दोन ओळींनी येतं. ज्या प्रथिनाची विल्हेवाट लावायची त्यावर पेशी युबिक्विटिनची खूण करते, म्हणून मी 'नाशांकन' असा शब्द घडवलाय. चालेल का?

जीवरसायनवाली: शब्द देखणा आहे, पण विषय दाहाचा (इन्फ्लमेशनचा) असेल तर पुढच्याच परिच्छेदात अडकाल. २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल युबिक्विटिनमुळे होणाऱ्या प्रथिनविघटनाच्या शोधाला मिळालं. खूण म्हणजे मरण हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. युबिक्विटिन हे स्वतःच ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन. एकाला एक जोडून त्याची साखळी होते, आणि जोड कुठे आहे त्यावर अर्थ बदलतो. ४८व्या जागेवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर जोड असेल तर प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र, त्या प्रथिनाचे तुकडे करतो. ६३व्यावर असेल तर सहसा नाश होत नाही, साखळी मचाणासारखी वापरली जाते. टोलसदृश ग्राहींना, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनांना, जिवाणूची चाहूल लागली की ट्राफ६ हे विकर अशी मचाणं बांधतं, त्यांवर टॅक१ आणि आयकेके ही विकरं जमतात आणि कामाला लागतात. आयकेके मग आयकप्पाबी या प्रथिनाला फॉस्फेट लावतं, त्यावर ४८ची साखळी चढते, ते नष्ट होतं. त्यानं अडवून धरलेला एनएफ-कप्पाबी हा जनुकं चालू करणारा प्रथिन-घटक सुटतो आणि केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं चालू करतो. एकाच वाटेवर आधी बांधणी, मग नाश. दोन्हींना नाशांकन?

भाषांतरकर्ती: मग 'युबिक्विटिनीकरण'?

व्याकरणवेडा: 'ईकरण' म्हणजे जे नव्हतं ते होणं. शुद्धीकरणात अशुद्ध ते शुद्ध होतं. इथे प्रथिनाचं युबिक्विटिन होत नाही, त्याला ते चिकटतं.

जीवरसायनवाली: आणि लसीकरणात माणसाची लस होते वाटतं?

व्याकरणवेडा: हरलो. ('उबिक्वे' म्हणजे लॅटिनमध्ये सगळीकडे, म्हणून 'सर्वव्यापिन' सुचवणार होतो, पण वाचक हात जोडायचा.)

जीवरसायनवाली: शीर्षकात युबिक्विटिनीकरण ठेवा. मजकुरात मात्र क्रियापदं वापरा: साखळी चढवणे, उतरवणे. उलटी क्रिया लागणारच आहे, आणि 'वियुबिक्विटिनीकरण' एका दमात वाचून दाखवा बरं! ए२० हे विकर तर दोन्ही करतं. ६३ची उतरवतं, ४८ची चढवतं, आणि दाह आटोक्यात आणतं. ओट्युलिन हे विकर फक्त उतरवतं, तेही सरळ साखळ्या, ज्यांत लायसिनऐवजी पहिलं अमिनो आम्ल, मेथिओनिन, जोडलेलं असतं.

भाषांतरकर्ती: दाह की शोथ?

व्याकरणवेडा: दाह. शोथ म्हणजे नुसती सूज.

भाषांतरकर्ती: 'ए२०च्या जनुकाची एक प्रत निकामी असेल तर साखळ्या नीट उतरत नाहीत आणि लहानपणापासूनच दाह उसळत राहतो.' हे वाक्य जमलं. तिथे मी आधी 'विनाशांकनन्यूनता' लिहिलं होतं.