वनबीएचकेत हाताने गोधडी: जागा, थर आणि मधला फुगा

चौथामजला
रोज दुपारी दीड तास मोकळा असतो, त्यात हाताने एक सिंगल गोधडी शिवायची आहे. सामान असं: साडेपाच मीटरच्या ४ सुती साड्या (धुऊन धुऊन मऊ झालेल्या, काठ मात्र जाड), एक जुनी सिंगल चादर ६० बाय ९० इंच. शिलाई मशीन नाही. टीपॉय आणि खुर्च्या सरकवल्या तर हॉलमध्ये ६ बाय ८ फूट फरशी मोकळी होते, पण संध्याकाळी सगळं उचलावं लागेल. थर किती घ्यायचे? साड्या कशा कापायच्या? रोज उचलून ठेवलं तर थर सरकणार नाहीत का? आणि मध्ये फुगा येतो तो का येतो?

सुतीच
आधी कापड तपासा. साडी दोन अंगठ्यांत धरून आडवी ताणा. चर्रकन फाटली तर ती वरच्या थराला नको, आतही नको, कारण टाक्यांच्या ओळीवरच ती उसवत जाते. थोडी विरलेली, पण ताण सोसणारी असेल तर आत बिनधास्त घाला. नायलॉन, जॉर्जेट, टी-शर्टचं होजिअरी कापड यातलं काहीही नको. पहिली दोन घसरतात, तिसरं ताणतं, आणि शेवटी सुती थर बिचारे त्यांच्यामागे ओढले जातात.

तुमच्याकडे चादर आहे हे उत्तम, खालचा थर बिनजोडाचा मिळाला. तिच्यावर साडीचे ४ थर, म्हणजे एकूण ५. सहावा घातला तर ऊब थोडी वाढेल, पण सुई ओढताना अंगठा कामातून जाईल.

आता हिशोब. साडेपाच मीटर म्हणजे सुमारे २१६ इंच. ६२-६२ इंचांचे ३ तुकडे निघतात, ३० इंच उरतं. साडीचा पन्हा (रुंदी) साधारण ४५ इंच. दोन्ही काठ कापून काढले की ४२ राहतो. दोन तुकडे ६२ इंची कडेला कड लावून जोडले की ६२ बाय ८३ इंचांचा एक थर होतो. चार थरांना ८ तुकडे लागतात, ३ साड्यांत ९ मिळतात. चौथी साडी ठिगळांसाठी मोकळी राहिली. काठ टाकून देऊ नका, गोट (चारही कडांना लावायची पट्टी) त्यांचाच करायचा आहे.

काठ ठेवून तुकडे जोडले तर गोधडीच्या बरोबर मध्यावर चार थरांचे जाड काठ एकावर एक येतात. तिथे सुई शिरत नाही आणि झोपताना कंबरेखाली वळ जाणवतो. शिवाय आतल्या तीन थरांचे जोड शिवायचेच नाहीत, दोन बोटं एकमेकांवर चढवून नुसते अंथरायचे. धावदोरा, म्हणजे सगळ्या थरांतून वर-खाली जाणारा साधा टाका, त्यांना धरून ठेवतो. जोडही एकाच जागी नकोत. एका थरात तो मधोमध येऊ द्या. दुसऱ्यात एका तुकड्याच्या टोकाची ६ इंच पट्टी कापून ती थराच्या दुसऱ्या टोकाला लावा, की जोड आपोआप सरकतो. तिसऱ्यात तेच उलट्या बाजूने. फक्त सर्वांत वरचा थर नीट शिवून घ्या.

फरशीवरचा
जागेबद्दल. पलंगावर अंथरू नका, गादी दबते आणि थर वेडेवाकडे बसतात. फरशीच हवी. दोन फुटी फरश्या असतील तर मोजपट्टीचं निम्मं काम त्यांचे सांधेच करतात. चादरीची एक लांब कड एका सांध्यावर धरा, आडवी कड काटकोनातल्या सांध्यावर. चादर उलटी बाजू वर करून पसरा आणि चारही कडांना दर फुटावर रंगकाम करणारे वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावा. चादर सपाट हवी, ताणलेली नको. ताणून चिकटवली तर पट्टी काढल्यावर ती आक्रसते आणि वरचे सगळे थर चुण्या धरतात. फार लोकांची गोधडी इथेच बिघडते आणि दोष टाक्यांना देतात!

मग एकेक थर अंथरत जा. प्रत्येक थर हाताने मधून कडेकडे सारखा करा. पंखा बंद ठेवा.

यानंतरचं काम एका बैठकीत संपवायचं: कच्चा टाका, म्हणजे थर धरून ठेवणारा तात्पुरता टाका. वेगळ्या रंगाचा स्वस्त दोरा, दोन-दोन इंचांचे लांब टाके, आधी मधून उभी आणि आडवी ओळ, मग दर ४ इंचांवर, म्हणजे वीतभरापेक्षाही कमी अंतरावर. सुई फरशीला टेकते आणि टोक वर येत नाही, म्हणून डाव्या हातात चमचा धरा. टोक चमच्याच्या कडेवर चढवलं की लगेच वर येतं. दीड तासात पूर्ण होणार नाही, त्यामुळे सुट्टीचा दिवस बघा. हे झालं की गोधडी एक सलग कापड झाली. रोज घडी घाला, गुंडाळी करा, कपाटावर टाका, थर हलणार नाहीत. पुढचं शिवणं मांडीवर होतं, फरशी लागतच नाही.

कडेकडून
टाका: वर दिसणारा पाव इंच, मधली फट तेवढीच. दोन ओळींत दीड इंच. गोधडी साधारण ५८ बाय ८१ धरली तर दोऱ्याच्या ओळी सुमारे ८० मीटर भरतात. ओढ आणि टोकं धरून १०० मीटर दोरा आणा. दुपदरी शिवणार असाल तर दुप्पट. क्रोशाचा २० नंबरचा सुती दोरा एकपदरी छान बसतो. पॉलिएस्टरचा नको. तो जुन्या सुतापेक्षा चिवट असतो, ताण आला की दोरा राहतो आणि कापड कापलं जातं.

दोरा दीड हातच घ्या. लांब घेतला की पीळ धरून गुंततो आणि कापडातून पुन्हा पुन्हा घासून विरतो. मेणावरून एकदा ओढून घेतला तर गुंता कमी होतो. मेणबत्तीही चालते, मात्र मग इस्त्री फिरवायची नाही, डाग उमटतात. दाभण वापरू नका, तिची भोकं बुजत नाहीत. दोन-सव्वादोन इंची, मोठ्या नेढ्याची सुई आणि मधल्या बोटात अंगुस्तान (सुई ढकलायची टोपी). गाठ हलका झटका देऊन थरांच्या आत ओढून घ्यायची.

मिनिटाला दोन इंच ही नवख्या हाताची चाल. त्या हिशोबाने निव्वळ शिवणं २६ तासांचं. रोज दीड तास म्हणजे १७-१८ दिवस.

शिवायला सुरुवात कडेपासून करा. चौकोनात चौकोन घेत मध्याकडे जायचं, आपल्याकडची जुनी रीत हीच.

उलटटाका
शेवटच्या मुद्द्याला विरोध. पहिल्या गोधडीला कडेकडून नको. प्रत्येक टाका कापड किंचित पुढे ढकलतो. कडेकडून आत आलं की ते जास्तीचं कापड मध्ये गोळा होतं, तोच तुमचा फुगा. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून आत शिवतात हे खरं, पण त्या ठिगळं शिवता शिवता लावत जातात आणि प्रत्येक ठिगळाची कड आत दुमडतात. जास्तीचं कापड त्या दुमडीत जिरतं. इथे वरचा थर आधीच अखंड आहे, जिरायला जागाच नाही. मधली उभी ओळ पहिली घाला, मग एक डावीकडे, एक उजवीकडे. लगतच्या ओळी उलटसुलट दिशेने शिवा, नाहीतर गोधडी तिरकी ओढली जाते.

कडेकडून
मान्य, पण कच्चा टाका ४ इंचांवर असेल तर कडेकडूनही फुगा येत नाही. लोक तो फूटभर अंतरावर घालतात आणि मग रीतीला नावं ठेवतात. पहिलीच असेल तर मधून करा, हरकत नाही. फुगा दिसायला लागला तर शेवटपर्यंत थांबू नका. त्या भागातल्या दोन ओळी उसवा, कच्चा टाका काढा, थर सारखे करून पुन्हा घाला. वरून ठिगळ लावून लपवलं तर धुतल्यावर आणखी वर येतं.

चौथामजला
गोट शिवण्याआधी लावायचा की नंतर? आणि एका साडीचा रंग जातो की नाही, कसं कळणार?

सुतीच
गोट नंतरच. शिवताना गोधडी सगळीकडून इंचभर, कधी जास्त आत येते, आधी लावलेला गोट लाटा धरतो. टाके संपले की चारही कडा मोजपट्टी ठेवून सरळ कापा. घेर साधारण २८० इंच, कोपऱ्यांसाठी १० जास्त धरा. काठ दुमडून दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण इंच दिसेल असा लावायचा. जरीचा काठ असेल तर पायाकडच्या बाजूला, हनुवटीला टोचतो.

रंगासाठी: पांढरं फडकं ओलं करून साडीवर १० मिनिटं दाबून ठेवा. डाग आला तर ती आत घालूनही उपयोग नाही, धुताना बाहेर उतरणारच. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो यावर भिस्त ठेवू नका. ठिगळांत एखादं नवं कापड असेल तर ते आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा. खळ जाते आणि जे आक्रसायचं ते आधीच आक्रसतं.

फरशीवरचा
धुण्याचं राहिलं. कोरडी दीड-दोन किलो भरते, पण पाणी धरल्यावर दुपटीहून जड होते. साडेसहा किलोच्या मशीनमध्ये एकटीच घाला, गार पाणी, सौम्य चक्र. बाल्कनीतल्या एकाच दांडीवर टाकू नका. दांडी वाकते आणि ओल्या गोधडीच्या मधल्या टाक्यांवर सगळा भार येतो. दोन-तीन दांड्यांवर आडवी पसरा. पहिल्या धुण्यात चुरगळल्यासारखी दिसेल, तिला तशीच राहू द्या.

आणि रोज गोळा करताना सुया मोजा. ३ घेऊन बसलात तर ३ परत डब्यात. कमी भरली तर फ्रिजवरचं चुंबक फरशीवरून आणि गोधडीवरून फिरवा, चालत शोधू नका.