क्लेमसाठी पाच वर्षांचे सगळे मेडिकल कागद मागताहेत, द्यायचे का?

अबोली:
गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं. बिलं, डिस्चार्ज समरी, एमआरआय सगळं दिलं, तरी आता विमा कंपनीचं पत्र आलंय की मागच्या ५ वर्षांचे सगळे रेकॉर्ड द्या आणि सोबतच्या संमतीपत्रावर सही करा. त्यात 'कोणत्याही डॉक्टर वा रुग्णालयाकडून कोणतीही माहिती घेण्यास माझी हरकत नाही' असं छापलंय. मधे मी काउन्सेलिंग घेत होते, त्या फाइलमध्ये घरातल्या फार खाजगी गोष्टी आहेत, त्या कुणी परक्याने वाचायला नकोत. पण नाही म्हटलं तर क्लेम अडकवतील का?

क्लेमडेस्कवाली:
हॉस्पिटलात हेच काम करते म्हणून सांगते, पत्राला उत्तर द्याच आणि मुदतीत द्या, कारण उत्तरच आलं नाही म्हणून फाइल बंद झालेल्या खूप बघितल्यात. पण उत्तर द्यायचं म्हणजे सगळं कपाट उघडून द्यायचं असं नाही. बहुतेक वेळा त्यांना एवढंच बघायचं असतं की गुडघ्याचा त्रास पॉलिसी घ्यायच्या आधीपासून होता का. मग मेलवर विचारा, नेमका कुठला मुद्दा तपासताय आणि त्यासाठी कुठले कागद लागतील. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी घ्या की दुखापत कधी झाली, पहिल्यांदा कधी दाखवलं, आधीचा त्रास होता की नाही. कितीतरी वेळा तेवढ्यावर भागतं. आणि फोनवर 'अजून कुठली ट्रीटमेंट चालू आहे का' असं सहज विचारतात, तिथे गप्पांच्या ओघात बोलून जाऊ नका, प्रश्न मेलवर पाठवा म्हणा.

संमतीपत्रावर कोरी सही नको. 'कोणतीही माहिती' वर रेघ मारून 'फक्त उजव्या गुडघ्याच्या उपचारांची, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, फक्त या क्लेमसाठी' असं लिहा, बाजूला छोटी सही करा आणि त्याचा फोटो काढून ठेवा.

सरळमार्गी:
वरचं सगळं पटलं, पण एक गोष्ट बघा. प्रपोजल फॉर्ममध्ये (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जात) मानसिक उपचारांबद्दल प्रश्न होता का, आणि काउन्सेलिंग त्याआधीचं की नंतरचं? आधीचं असेल आणि तिथे 'नाही' लिहिलं असेल तर प्रश्न प्रायव्हसीचा राहत नाही, माहिती लपवल्याचा होतो, मग वकिलाला दाखवूनच उत्तर द्या.

एखाद्या केसपेपरवर गुडघ्याबरोबर दुसरंही काही लिहिलेलं असेल तर मूळ कागदाला व्हाइटनर लावू नका, ती खाडाखोड धरतील. झेरॉक्सवर तेवढ्या ओळी झाका आणि पत्रात स्पष्ट लिहा की असंबंधित मजकूर झाकलाय.

अबोली:
काउन्सेलिंग पॉलिसी घेतल्यानंतरचं आहे, फॉर्ममध्ये सगळं खरं लिहिलंय. आणि तरीही त्यांनी काउन्सेलिंगचीच फाइल मागितली तर?

क्लेमडेस्कवाली:
तर तिचा गुडघ्याशी काय संबंध ते लेखी मागा. काउन्सेलरच्या सेशनमधल्या नोट्स आणि उपचार घेतल्याच्या तारखा या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या हिपा (HIPAA, रुग्णांची माहिती खाजगी ठेवण्याचा कायदा) नियमांत तर अशा वेगळ्या ठेवलेल्या नोट्सना खास संरक्षण आहे, त्या दिल्या तरच पैसे देऊ अशी अट विमा कंपनीला घालता येत नाही. प्रत्येक ठिकाणचा कायदा तसाच असेल असं नाही, पण मुद्दा तोच धरा. अगदीच गरज पडली तर तारखांचं छोटं पत्र द्या, नोट्स नाही. आणि काउन्सेलरना आजच कळवून ठेवा की माझ्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही काही देऊ नका, कारण कधीकधी कंपनीचा माणूस थेट क्लिनिकमध्ये जाऊन विचारतो आणि रिसेप्शनवरचे लोक बिचारे घाबरून फाइल पुढे करतात.