पाठीत स्क्रू असताना एमआरआय नीट कुठे निघेल? मदत हवी आहे

बाबा, वय ६३, गेल्या वर्षी पोटमाळ्यावरून पडले. एल-१ (कमरेचा पहिला) मणका चेचला, स्क्रू आणि दोन रॉड टाकून फिक्सेशन झालं. आता दीड महिना डाव्या पायाला मुंग्या येतात, चालताना चप्पल निसटते आणि त्यांना पत्ताही लागत नाही. लघवी-संडासवर ताबा आहे, ताप नाही.

एक्स-रे, सीटी झाले. स्क्रू जागेवर, सैल नाहीत. पण नस दबलीय का ते सीटीत कळेना, म्हणून एमआरआय काढला, ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद). नेमका स्क्रूंभोवती काळा डाग, कडेला पांढरी झळाळी. कॅनॉल, म्हणजे मणक्यातली नसांची वाट, दिसतच नाही. रिपोर्टात एक ओळ, 'धातूमुळे मूल्यमापन मर्यादित'. पैसे मात्र पूर्ण!

सर्जन म्हणाले, १.५ टेस्लावर, मेटल आर्टिफॅक्ट (धातूमुळे येणारे असे डाग) कमी करणाऱ्या सीक्वेन्सने, म्हणजे स्कॅनच्या खास पद्धतीने, पुन्हा काढा. सेमॅक नाहीतर मॅव्हरिक, मशीनच्या कंपनीप्रमाणे नाव बदलतं. चार सेंटरना फोन केले. काउंटरवर एकच उत्तर: "टायटॅनियम आहे ना? मग चालेल, या." अहो, चालेल हे मलाही माहीत आहे, दिसेल का?

इम्प्लांटचं स्टिकर फाइलमध्ये आहे, टायटॅनियमच. पेसमेकर नाही. सीटी मायलोग्राम सुचवू नका, पाठीत सुई टोचून घ्यायला बाबा तयार नाहीत. अर्ध्या तासाच्या वर उताणं झोपवत नाही. राहतो परळला, ठाण्यापर्यंत टॅक्सीने नेता येईल.

असा एमआरआय मुंबईत कुणी काढलाय का, कुठे? आणि बुकिंगआधी टेक्निशियनला नेमकं काय विचारायचं?