वजन उतरवायचंय : कॅलरी मोजायच्या की पोषक घटक?

पानगळ (धागाकर्ती)

वजन कमी करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: रोजच्या कॅलरी मोजा आणि खर्च होतात त्यापेक्षा कमी खा. सल्ला खोटा नाही. पण सुरुवात तिथून करायला माझा ठाम विरोध आहे. मोजायचंच असेल तर आधी प्रथिनं आणि फायबर मोजा. ही दोन पुरेशी पोटात गेली की बहुतेकांच्या कॅलरी न मोजताही खाली येतात, आणि महत्त्वाचं म्हणजे खालीच राहतात.

कॅलरीचा आकडा दिसतो तितका पक्का नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी प्रयोग करून सरासरी काढली: प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅममागे ४ कॅलरी, स्निग्ध पदार्थ ९. पाकिटांवरचे आकडे आजही बहुतांशी याच हिशोबाने येतात. आता बदाम घ्या. या हिशोबाने २८ ग्रॅम बदामांत सुमारे १७० कॅलरी भरतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये माणसांना बदाम खायला घालून प्रत्यक्ष मोजलं, तर शरीराला त्यातल्या सुमारे १२९ च मिळत होत्या. बदामाच्या पेशींच्या भिंतींत अडकलेली चरबी बरीचशी न पचता बाहेर पडते. पचनाला लागणारी ऊर्जाही सगळ्या अन्नाला सारखी लागत नाही. प्रथिनांतल्या ऊर्जेपैकी २० ते ३० टक्के ती पचवण्यातच जाते, कर्बोदकांत ५ ते १० टक्के, चरबीत जेमतेम ३ पर्यंत.

पण माझा खरा मुद्दा भुकेचा आहे. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात एक साधा, पण फार बोलका प्रयोग झाला. ३८ पदार्थ, प्रत्येकाचा वाटा बरोबर २४० कॅलरींचा. खाल्ल्यावर दोन तास लोकांना पोट किती भरल्यासारखं वाटतंय ते विचारत राहिले. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले. उकडलेल्या बटाट्याला ३२३ मिळाले, लोण्याच्या क्रोसाँला ४७. कॅलरी तितक्याच, तरी पोट भरण्यात जवळपास सातपट फरक! वहीत दोन्ही नोंदी सारख्याच दिसतात. दोन तासांनी जी खा-खा सुटते ती वहीत कुठेच दिसत नाही, आणि डाएट मोडतं ते नेमकं तिथे.

शेवटचा पुरावा २०१९ चा, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केविन हॉल यांच्या गटाचा. २० माणसं संस्थेतच राहिली. दोन आठवडे कारखान्यात अति-प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रिया केलेल्या अन्नावर ती दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. त्या दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वाढलं, साध्या अन्नावर तितकंच उतरलं. कुणाला काही मोजायला सांगितलं नव्हतं.

कॅलरीवाल्यांनी जरूर उत्तर द्यावं.

चौकट

पानगळ, अभ्यास नीट मांडलेत, पण शेवटचा तुमच्याच विरोधात जातो. त्या प्रयोगात ताटात वाढलेल्या दोन्ही प्रकारच्या जेवणांत प्रथिनं, साखर, चरबी, फायबर, मीठ सगळं जुळवलेलं होतं. म्हणजे तुमच्या वहीत दोन्ही जेवणांची नोंद अगदी सारखी झाली असती! तरी लोकांनी एका जेवणावर ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या. तो फरक पकडला कशाने? कॅलरींनीच.

आता माझी बाजू. २००९ मध्ये ८११ जणांवर दोन वर्षं चाललेला अभ्यास प्रसिद्ध झाला. चार आहार: कुठे चरबी कमी, कुठे जास्त, कुठे प्रथिनं कमी, कुठे जास्त. सगळ्यांना रोज ७५० कॅलरींची तूट ठरवून दिलेली. दोन वर्षांनी चारही गटांत साधारण सारखंच, सरासरी ४ किलोच्या आसपास उतरलेलं. घटकांचं प्रमाण बदलून वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. आणि २०१० मध्ये मार्क हॉब या कॅन्ससमधल्या पोषणशास्त्राच्या प्राध्यापकांनी मुख्यतः क्रीमचे केक आणि गोडधोड खाऊन, पण रोज १८०० कॅलरींच्या आत राहून, दहा आठवड्यांत १२ किलो उतरवले. त्यांच्यासारखं खा असं मी म्हणत नाही. वजनाचा काटा कशाला उत्तर देतो एवढंच दाखवतोय.

‘पौष्टिक’ म्हणजे हवं तेवढं, ही समजूत मला सगळ्यात घातक वाटते. माझ्या ओळखीत जे कोणी ‘सगळं चांगलंच खातो तरी वजन हलत नाही’ म्हणतात, त्यांच्याकडे गेलो की मी एकच करायला सांगतो. भाजीत तेल नेहमीसारखं ओता, पण कढई वजनकाट्यावर ठेवून. एक मोठा चमचा म्हणून जे पडतं ते कित्येकदा २५-३० ग्रॅम भरतं. १० ग्रॅम तेल म्हणजे ९० कॅलरी. तेलाची धार जराशी जास्त चालली की एका अंड्याहून जास्त कॅलरी आत गेल्या, आणि पोटाला पत्ताही नाही. शेंगदाण्यांचं तेच. प्रथिनं म्हणून मूठभर खाल्ले जातात. १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिनं आहेत खरी, पण सोबत ५७० कॅलरी येतात.

आपण किती खातो याचा अंदाज माणसाला येत नाही. १९९२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात ‘कमी खाऊनही वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्यांचं खाणं शास्त्रीय पद्धतीने तपासलं. त्यांच्या चयापचयात बिघाड नव्हता. ते खात होते त्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी नोंदवत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. मुद्दाम खोटं कोणी बोलत नव्हतं. मोजमापाला पर्याय नाही तो यामुळे.

रानपाखरू

चौकट, काटा कशाला उत्तर देतो हे पटलं. पण शरीर म्हणजे फक्त काटा नाही ना?

माझ्या धाकट्या बहिणीने १२०० कॅलरींचा नियम घेतला आणि तो काटेकोर पाळला. सकाळी कॉफी आणि दोन बिस्किटं, दुपारी थोडा भात, संध्याकाळी पुन्हा बिस्किटं, कारण त्यांच्या पाकिटावर आकडा छापलेला असतो आणि हिशोब सोपा जातो. भाज्या-कडधान्यं मोजायला कटकट म्हणून तीच आधी सुटली. वजन उतरलं, अगदी गणितात बसेल तसं. मग जिना चढताना धाप लागायला लागली, विंचरताना कंगव्यात केसांचा पुंजका यायला लागला. तपासलं तर हिमोग्लोबिन खूप खाली. पाळी चालू असलेल्या बाईला लोह पुरुषापेक्षा दुपटीहून जास्त लागतं, अमेरिकी शिफारशीत १८ मिलिग्रॅम विरुद्ध ८. खाणं निम्म्यावर आणलं तर उरलेल्या निम्म्यात ते बसवायचं कसं, हा प्रश्न कॅलरीच्या अ‍ॅपने तिला एकदाही विचारला नाही. रोज हिरवी खूण मात्र द्यायचं.

पानगळ

रानपाखरू, बहीण आता बरी असेल अशी आशा. हेच माझ्या मनात होतं.

चौकट, उत्तरं देते. हॉल यांच्या प्रयोगात फायबर जुळवलं ते कसं? प्रक्रिया केलेल्या अन्नात ते मुळात फार कमी होतं, म्हणून पेयांत विरघळवून दिलं होतं. चावून खाल्लेल्या घेवड्यातलं फायबर आणि ग्लासात ढवळलेलं फायबर पोटाला सारखं वाटत नाही. दुसरं म्हणजे वाढलेलं आणि खाल्लेलं यात फरक आहे. लोकांनी प्रथिनं दोन्हीकडे जवळपास सारखीच खाल्ली, जास्तीच्या ५०० कॅलरी कर्बोदकांच्या आणि चरबीच्या होत्या. प्रथिनांची गरज भागेपर्यंत शरीर खात राहतं, हा विचार सिम्पसन आणि रॉबेनहायमर या संशोधकांनी २००५ मध्येच मांडला होता. त्याला हे धरूनच आहे. आणि हॉब? ते केकसोबत रोज प्रोटीन शेक, व्हिटॅमिनची गोळी आणि भाज्या घेत होते. कॅलरीच सगळं काही ठरवतात हे दाखवायला निघालेल्या माणसालाही तेवढं सोडावंसं वाटलं नाही.

१९९२ चा अभ्यास तर मी माझ्याच बाजूने वापरेन. संशोधक मागे उभे असताना, रोज नोंदी ठेवूनही माणसं निम्म्याने चुकली. मग नोकरी, मुलं सांभाळून रात्री अंदाजाने आकडे भरणाऱ्याची काय कथा? इतकी गळती असलेल्या मापावर वर्षभराचा आहार उभा करायचा?

आणि उतरलं ते काय उतरलं, हे काटा सांगत नाही. २०१६ मध्ये कॅनडात ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी दिल्या, कसून व्यायाम करवला. निम्म्यांना वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिनं, निम्म्यांना २.४. जास्त प्रथिनांच्या गटाची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीखेरीजचं वजन उलट १.२ किलोने वाढलं. दुसऱ्या गटाची चरबी ३.५ किलो गेली, बाकीचं जैसे थे. तूट दोघांची सारखीच होती.

चौकट

तूट दोघांची सारखी होती, म्हणजे तूट होती! आधी ती पाया म्हणून घातली आणि मग तिच्यावर प्रथिनांचा मजला चढवला. माझं म्हणणं याहून वेगळं नाही.

‘आपोआप कमी होतात’ याबद्दल मी साशंक आहे. २०१८ मध्ये स्टॅनफर्डचा ६०९ जणांचा अभ्यास आला. कॅलरीचा आकडा कुणालाच दिला नव्हता, फक्त साखर-मैदा टाळा, भाज्या भरपूर खा असं सांगितलं. कमी चरबीवाले सरासरी ५.३ किलो उतरले, कमी कर्बोदकंवाले ६. सरासरी छान आहे. पण प्रत्येक गटात काहींचं २५ किलोहून जास्त उतरलं आणि काहींचं वर्षभरात चक्क वाढलं. त्या वाढलेल्यांना तुम्ही काय सांगणार? अजून भाज्या खा?

रानपाखरू, बहिणीच्या बाबतीत दोष मोजण्याचा नव्हता. १२०० हा आकडाच बऱ्याच बायकांना कमी पडतो, तो कुणाच्या देखरेखीशिवाय घेऊ नये.

उत्तररात्र

दोघांनी गृहीत धरलंय की काहीतरी मोजणं सगळ्यांना झेपतं. ज्यांना पूर्वी खाण्याचा आजार होऊन गेलाय, उपाशी राहणं किंवा खाऊन ओकणं, त्यांच्यासाठी कॅलरीचं अ‍ॅप धोक्याचं आहे आणि प्रथिनांचंही. आकडा कुठलाही असो, त्याच्यामागे धावणं पुन्हा सुरू होतं. अशांनी आहारतज्ज्ञाकडे जावं आणि वही त्यांच्याकडे राहू द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीही इथले प्रथिनांचे आकडे वाचून स्वतःहून काही वाढवू नये, डॉक्टरांना विचारावं. हे धाग्याच्या वरच्या भागात यायला हवं होतं.

पानगळ

उत्तररात्र, अगदी मान्य. संपादन करता आलं तर वर घालते.

नदीकाठ

वजन ८० किलो, बैठं काम, कुठला आजार नाही. उद्यापासून करू काय?

पानगळ

किलोमागे १.२ ग्रॅम धरा, म्हणजे दिवसाला साधारण ९५ ते १०० ग्रॅम प्रथिनं, आणि किमान २५ ग्रॅम फायबर. दर जेवणात आधी अंडी, मासे, दही, मसूर, घेवडा यातलं काहीतरी घ्या आणि बाकीचं त्याच्या भोवती. १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात ९ ग्रॅम प्रथिनं आणि ८ ग्रॅम फायबर मिळतं, कॅलरी सव्वाशेच्याही आत. साखरेची पेयं बंद. महिनाभर दुसरं काही मोजू नका.

चौकट

मी महिना थांबणार नाही. पानगळ यांचं ताट घ्या, ते चांगलंच आहे, पण पहिला आठवडा तेल, लोणी, सुकामेवा आणि साखर एवढ्या चारच गोष्टी ग्रॅममध्ये तोलून लिहा. भाज्या तोलत बसू नका, त्यात हिशोब बिघडत नाही. रोज सकाळी वजन करा, पण बघायची ती आठवड्याची सरासरी, कारण पाण्यामुळे एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतं. तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही तर चारांपैकी सगळ्यात मोठा आकडा निम्मा करा.

पानगळ

आणि कमरेचं मापही घ्या, टेप बेंबीच्या पातळीवर धरून. व्यायाम चालू असेल तर काटा जागेवर असतानाही ते उतरतं. चौकट तेव्हा तुम्हाला तेल निम्मं करायला सांगतील, मी सांगणार नाही.