४ टक्क्यांचे ६ टक्के झाले, तर इंग्रजी अहवालात नेमकं काय लिहायचं?

महिनाअखेर
नमस्कार. आमच्या विभागाचा मासिक अहवाल मी इंग्रजीत लिहिते. गेल्या महिन्यात उशिरा पोचलेल्या ऑर्डरींचं प्रमाण ४ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं. मी लिहिलं, ‘लेट ऑर्डर्स इन्क्रीज्ड बाय टू पर्सेंट’. वाचणाऱ्यांनी समजून घेतलं की आधी शंभर ऑर्डरींना उशीर व्हायचा, आता एकशेदोनांना होतो, म्हणजे विशेष काही नाही. प्रत्यक्षात दोन्ही महिन्यांत १०,००० ऑर्डरी होत्या आणि उशिराच्या ४०० होत्या त्या ६०० झाल्या! आमच्याकडे माणसं वाढवायला हवीत हे दिसावं म्हणून तो आकडा मी पहिल्या परिच्छेदात घेतला होता, आणि त्याच वाक्यामुळे विषय मागे पडला. फार लागलं मनाला.

असं वाक्य लिहायची खात्रीची पद्धत कोणती? शिवाय ‘ट्वेंटी पर्सेंट’ लिहावं की ‘वन इन फाइव्ह’, आणि पुढे ‘इज’ की ‘आर’, इथेही मी दरवेळी अडते.

हातचा_एक
तुमचं गणित बरोबर आहे, शब्द चुकला. मी अहवाल तपासते तेव्हा एकच बघते: वजाबाकी केली असेल तर ‘पर्सेंटेज पॉइंट’, भागाकार केला असेल तर ‘पर्सेंट’. ६ वजा ४ म्हणजे ‘टू पर्सेंटेज पॉइंट्स’. ही २ ची वाढ मूळच्या ४ च्या निम्मी, म्हणून ‘फिफ्टी पर्सेंट’. दोन्ही खरं आहे, पण ‘टू पर्सेंट’ यातलं काहीच नाही.

मी स्वतः दोन्ही टोकं लिहिते: ‘रोज फ्रॉम फोर पर्सेंट टू सिक्स पर्सेंट ऑफ ऑल ऑर्डर्स’. यात वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. शेवटचं ‘ऑफ ऑल ऑर्डर्स’ गाळू नका. टक्के कशाचे, हे कळलं नाही तर आकडा अधांतरी राहतो.

‘बाय’ आणि ‘टू’ सुद्धा जपा. मराठीत ‘६ टक्क्यांनी’ आणि ‘६ टक्क्यांवर’ यांतला फरक प्रत्ययातच असतो, तो आकड्याला चिकटून येतो. इंग्रजीत तो सुटा, छोटा शब्द असतो आणि घाईत नेमका तोच चुकतो.

पाव_अर्धा_पाऊण
‘इज’ की ‘आर’ हे ‘ऑफ’नंतरच्या नामावर ठरतं. ‘ट्वेंटी पर्सेंट ऑफ द बजेट इज’, पण ‘ट्वेंटी पर्सेंट ऑफ द ऑर्डर्स आर’.

माणसांबद्दल सांगायचं असेल तर ‘वन इन फाइव्ह’ छान. पाचांतला एक लगेच डोळ्यांपुढे येतो. तुलना करायची असेल तर मात्र टक्केच बरे, कारण ‘वन इन फाइव्ह’ आणि ‘वन इन एट’ शेजारी ठेवले की वाचणारा मनात भागाकार करत बसतो. आकडा १९.६ असेल तर आधी ‘अबाउट’ लावा. ‘रेशो’ वापरताना सांभाळा: ‘थ्री टू वन’ म्हणजे एकूण चार भाग, त्यातले तीन एकीकडे. याला ‘वन थर्ड’ समजून लिहिलेलं मी पाहिलं आहे.

हातचा_एक
‘पट’ राहिलंच. आपलं ‘दीडपट’ म्हणजे ५० टक्के वाढ. मी एकदा त्यासाठी ‘वन हंड्रेड अँड फिफ्टी पर्सेंट इन्क्रीज’ लिहिलं होतं, त्याचा अर्थ अडीचपट होतो. ‘थ्री टाइम्स मोअर’ही टाळते; कुणी तिप्पट समजतं, कुणी चौपट. ‘थ्री टाइम्स अ‍ॅज मेनी’ म्हटलं की तिप्पटच.

महिनाअखेर
मनापासून आभार. दुरुस्त केलेलं वाक्य आज पाठवलं: ‘लेट ऑर्डर्स रोज फ्रॉम फोर पर्सेंट टू सिक्स पर्सेंट ऑफ ऑल ऑर्डर्स’. सोबत ४०० आणि ६०० हे आकडेही दिले. पुढच्या महिन्यापासून फक्त टक्के दिले तर चालेल का?

हातचा_एक
नको. समजा पुढच्या महिन्यात १२,००० ऑर्डरी आल्या आणि उशिराच्या ५ टक्के निघाल्या. प्रमाण एका पॉइंटने उतरलं, पण वाट बघणारे ६०० च राहिले.