चर्चा : जटलँडच्या बाप्तिस्माकुंडांवरचे सिंह नेमके कोणाचे?

मूळ मत

डेन्मार्कमधील जटलँडच्या गावोगावच्या चर्चमध्ये बाराव्या-तेराव्या शतकांत घडवलेली ग्रॅनाइटची बाप्तिस्माकुंडे (बाप्तिस्मा या ख्रिस्ती दीक्षाविधीसाठी पाणी ठेवण्याची दगडी पात्रे) आजही वापरात आहेत. पूर्व जटलँडमधील कुंडांवर सिंह कोरलेले असून, कित्येक ठिकाणी दोन सिंहांची धडे एकाच मुंडक्याला येऊन मिळतात. हे सिंह म्हणजे व्हायकिंगांच्या जुन्या धर्माचा अवशेष आहे, असे वारंवार सांगितले जाते. मला ते मुळीच पटत नाही. हॅराल्ड ब्लूटूथ राजाने इ.स. ९६५ च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी ही कुंडे घडली. तेव्हा डेन्मार्कमध्येच असलेल्या लुंड येथे उत्तर इटलीच्या धाटणीचे कॅथेड्रल उभे राहिले होते, आणि दगडी सिंहांची परंपराही दक्षिणेकडूनच आली.

प्रतिसाद १

सिंह दक्षिणेकडून आला हे मान्य. परंतु तो ज्या पाथरवटाच्या हातून दगडावर उतरला, त्या हाताचे वळण आपण विचारात घेतलेले नाही. जटलँडमधील येलिंग गावच्या मोठ्या शिळेवर एका बाजूला ख्रिस्त आहे, तर दुसऱ्या बाजूला सापाने विळखा घातलेला भलामोठा पशू आहे, आणि डेन लोकांना ख्रिस्ती केल्याची ग्वाही देणाऱ्या हॅराल्डनेच ती शिळा उभारली. म्हणजे धर्म बदलला तरी पशू राहिला.

प्रतिसाद २

जुन्या खुणा दिसल्या की जुना धर्म शोधण्याची घाई होते. बॉर्नहोम बेटावरील ओकिर्केबी येथील वालुकाश्माच्या कुंडावर रून या उत्तर युरोपातील प्राचीन लिपीतला लेख आहे. गॉटलंड बेटावरच्या सिग्राफ या कारागिराचे नाव त्यात येते, मात्र लेखाचा बहुतेक मजकूर ख्रिस्ताच्या जन्मापासून क्रुसापर्यंतच्या, कुंडावरच कोरलेल्या प्रसंगांची ओळख करून देणारा आहे. लिपी जुनी, आशय पूर्णपणे ख्रिस्ती.

मूळ लेखकाचे उत्तर

कारागिराच्या हाताचे वळण स्थानिक होते, हे मी नाकारत नाही. माझा आग्रह अर्थापुरता आहे. बायबलमधील पेत्राच्या पहिल्या पत्रात सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा भक्ष्य शोधत हिंडतो, असे म्हटले आहे. मध्ययुगीन विधीत बाळाला कुंडापाशी आणण्यापूर्वी त्याच्यातून दुष्ट शक्तीला घालवून देणाऱ्या प्रार्थना म्हणत असत. बाळाला पाण्यात बुडवण्यासाठी कुंडाची पोकळी प्रशस्त ठेवलेली असे. आज तिच्यात ठेवलेल्या पितळी परातीमुळे ती जाणवत नाही. पाणी आत आणि सिंह बाहेर, ही मांडणी मला हेतुपूर्वक केलेली वाटते.

प्रतिसाद १ चे प्रत्युत्तर

बायबलमधील ‘प्रकटीकरण’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ख्रिस्तालाच यहूदाच्या वंशाचा सिंह म्हटले आहे, हे आपण विसरता. त्यामुळे प्रत्येक सिंहावर सैतानाचा अर्थ लादणे योग्य नाही. जिथे सिंहांच्या मधोमध माणसाचे मस्तक अडकलेले दिसते, तिथे आपला अर्थ मी स्वीकारीन. परंतु जिथे ते नुसतेच समोरासमोर उभे आहेत, तिथे मी त्यांना पाण्याचे राखणदारच मानीन.